'टेक ऑफ' या क्रियापदाचे शब्दशः आणि लाक्षणिक अर्थ कोणते?

शब्दशः अर्थ अंगावरचं काढणं: 'टेक ऑफ युअर शूज' किंवा 'टेक युअर शूज ऑफ', दोन्ही बरोबर. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: 'टेक देम ऑफ'. 'टेक ऑफ देम' चूक, आणि आपल्याकडे सर्रास होणारी.

विमान उडतं त्या अर्थी कर्म लागत नाही, म्हणून 'द प्लेन टुक ऑफ'. 'वॉज टेकन ऑफ' नको. लाक्षणिक अर्थ याच्याच जवळचा: 'हर बिझनेस टुक ऑफ' म्हणजे तिच्या धंद्याने झपाट्याने जोर धरला, नुसता सुरू झाला असं नव्हे. माणसाबद्दल 'ही टुक ऑफ' म्हटलं तर तो तडकाफडकी निघून गेला (बहुधा न सांगता). 'टेक अ डे ऑफ' म्हणजे एक दिवस सुट्टी घेणं.