संज्ञा पाठ आहेत, पण उतारा समोर आला की हात थांबतो

साहित्य शिकणाऱ्या मुलांकडून एक तक्रार माझ्याकडे सारखी येते. 'कथानक, निवेदक, दृष्टिकोन, आशयसूत्र सगळं पाठ आहे. पण न वाचलेला उतारा आला की एक ओळ सुचत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?' पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी हेच घेऊन आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) परीक्षा जवळ आली की तिची झोप उडायची, आणि आपल्याला साहित्यातलं काही कळत नाही हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

नुसता धीर देऊन भागण्यासारखं नव्हतं. मी तिची वही मागितली. व्याख्या लाल-निळ्या शाईत, सुवाच्य. उत्तरं वाचली तर सर्वज्ञ निवेदक (म्हणजे सगळ्या पात्रांचं सगळं जाणणारा), संघर्ष, प्रतीक सगळे हजर. कथा तेवढी गैरहजर.

मग कागदावर चार वाक्यं लिहून तिच्यापुढे सरकवली: 'माधवने हळूच दार ढकललं. काका अजून परतले नव्हते. बरं झालं! पत्र तसंच टेबलावर पडलं होतं.'

"निवेदक कोण?"

"तृतीयपुरुषी, सर्वज्ञ." उत्तर तयारच होतं.

"सर्वज्ञ ना? मग काका कुठे आहेत, सांगतो का तो?"

ती थबकली. "नाही... कारण माधवलाच ते माहीत नाही."

"आणि 'बरं झालं' कुणाला वाटतंय?"

"माधवला. मॅडम, काकासुद्धा माधवचेच की! निवेदकाचे कुठे?"

ज्या मुलीला साहित्यातलं काही कळत नाही, तिने हे पाहिलं होतं. बोलतो कोण आणि पाहतो कोण, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, असं फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९७२ साली मांडलं. इथे बोलणारा माधव नाही, पण डोळे त्याचे आहेत. 'तृतीयपुरुषी' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि 'तृतीयपुरुषी'ला 'सर्वज्ञ' आपोआप जोडून मोकळे होतात.

मी तिला 'माधवने'च्या जागी 'मी' लिहायला सांगितलं. उतारा जवळपास तसाच राहिला. मग म्हटलं, आता हेच काकांच्या बाजूने लिही. तिने लिहिलं: 'काका जिन्याच्या वळणावर उभे होते. माधवने दार ढकललेलं त्यांनी पाहिलं. पत्र त्यांनीच मुद्दाम टेबलावर ठेवलं होतं.' वाचून स्वतःच म्हणाली, "बाप रे, आता माधवची काळजी वाटायला लागली." म्हटलं, उत्तराचं पहिलं वाक्य हेच. माधवला जे माहीत नाही ते आता वाचकाला माहीत आहे. त्याला नाट्यात्म उपरोध म्हणतात, हे तिला त्यानंतर सांगितलं. नाव उशिरा आलं तरी चालतं. आधी वाचताना आपल्याला काय झालं ते, मग ते कुठल्या शब्दामुळे झालं ते.

कथानकाची अडचण वेगळी होती. ती गोष्टीचा सारांश लिहायची: मग हे झालं, मग ते झालं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचं १९२७ सालचं उदाहरण तिच्या वहीत होतंच: राजा मेला आणि मग राणी मेली, ही गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. ते तिने पाठ केलं होतं, वापरलं मात्र नव्हतं. सारांशातल्या प्रत्येक 'मग'च्या जागी 'म्हणून' किंवा 'पण' बसतो का ते तपासायला सांगितलं. एका ठिकाणी काहीच बसेना, आणि लेखकाने तिथे कारण मुद्दाम लपवलं असावं, हे तिच्या लक्षात आलं. माझ्या मते त्या उत्तरातला तो सर्वांत चांगला मुद्दा होता.

बाकीच्या गाठी लवकर सुटल्या. सपाट पात्र म्हणजे फसलेलं पात्र, असा तिचा समज होता. एकाच गुणाभोवती उभं केलेलं पात्र कथेला हवंही असू शकतं. आशयसूत्र म्हणून ती 'एकटेपणा' एवढाच शब्द लिहायची. तो झाला विषय. कथा एकटेपणाबद्दल काय सुचवते, ते पूर्ण वाक्यात यायला हवं. आणि 'मी' म्हणून बोलणारा निवेदक म्हणजे लेखक नव्हे. तो खोटं बोलू शकतो, स्वतःची फसवणूकही करून घेऊ शकतो.

जाताना तिने तो प्रश्न विचारलाच, जो सगळेच विचारतात: "पण मॅडम, संज्ञा कमी आल्या तर गुण जातील ना?" परीक्षकाला संज्ञा लागतात, हे मी नाकारलं नाही. एका परिच्छेदात एकच घ्यायची, तिच्या शेजारी उताऱ्यातला नेमका शब्द अवतरणात द्यायचा, आणि तो शब्द बदलला तर काय बिघडेल ते एका वाक्यात लिहायचं. जिथे हे वाक्य लिहिता येत नाही, तिथली संज्ञा खोडून टाकायची. पुढच्या वेळी तिने आणलेल्या उत्तरात तीन संज्ञा खोडलेल्या होत्या, आणि झोपेचा विषय तिने काढला नाही.