मुलीला इथेनॉलचं शिक्षण घेऊ द्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुण्याला जाऊन अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकायचंय. आमचा ऊसच आहे, पण पोरीनं दारूच्या कारखान्यात नोकरी करायची हे घरात, विशेषतः माझ्या आईला, पटत नाही. शिवाय सरकारनं उद्या इथेनॉल बंद केलं तर?
– एक वडील, निपाणी तालुका

नमस्कार. आधी दारूचं बोलू, कारण घरातली खरी अडचण तीच दिसते. साखर काढून उरलेली मळी यीस्टनं आंबवायची आणि ऊर्ध्वपातनानं स्पिरिट काढायचं, इथपर्यंत दारू आणि पेट्रोलमधलं इथेनॉल या दोन्हींची वाट एकच. पण साध्या ऊर्ध्वपातनानं स्पिरिट पंचाण्णव-शहाण्णव टक्क्यांवर अडतं, उरलेलं पाणी सुटत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला साडेनव्याण्णव टक्क्यांच्या वरचं इथेनॉल लागतं. म्हणून त्याची वाफ मॉलिक्युलर सीव्हच्या बारीक मण्यांमधून नेतात. मणी पाणी धरून ठेवतात, इथेनॉल पुढं जातं. तिथून ते तेल कंपनीच्या टँकरमध्ये भरतात. आजींना हे सांगाच.

सरकारबद्दलची धास्ती मात्र खरी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि ऐन हंगामात कारखान्यांचं गणित बिघडलं. पुढच्या हंगामासाठी ते उठवले, २०२५ मध्ये पेट्रोलमधलं मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं. धोरण असं मागंपुढं होतच राहणार. म्हणून माझं स्पष्ट मत : शिकू द्या, पण नुसत्या उसावर थांबू देऊ नका.

आज मक्याचं इथेनॉल मोठ्या प्रमाणात होतं. मळीत साखर तयारच असते. मक्यात असतो स्टार्च. मका दळून, शिजवून, एन्झाइम घालून आधी त्याची साखर करावी लागते. तापमान किंवा पीएच बिघडला, नको ते जिवाणू शिरले, की टाकीतला माल नासतो आणि इथेनॉलचा उतारा घटतो. हे वेळेत ओळखणं म्हणजे तुमच्या मुलीचाच विषय. उद्या इथेनॉल मंदावलं तरी आंबवण्याचं हे ज्ञान औषध कंपन्यांत, एन्झाइमच्या उद्योगात, डेअरीत चालतं. डिस्टिलरीचं सांडपाणी, म्हणजे स्पेंट वॉश, हाही तिनं नीट अभ्यासावा. लिटरभर अल्कोहोलमागं ते साधारण ८ ते १२ लिटर निघतं आणि त्याची विल्हेवाट लावल्याशिवाय कारखाना चालवता येत नाही.

पुण्याजवळ मांजरी इथल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये या विषयाचा डिप्लोमा आहे. कर्नाटकातून अर्ज करताना प्रवेशाचे नियम, फी आणि हॉस्टेल आधी विचारून घ्या. बेळगावातच एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथंही एक चक्कर मारा, पुण्याचा खर्च झेपेल की नाही ते मग ठरवता येईल.

नोकरीची सुरुवात लॅबमध्ये करणं सोयीचं, पण वर्षा-दोन वर्षांत तिनं प्लँटवर जायलाच हवं, बढती तिकडं असते. मुलाखतीत रात्रपाळी, येण्या-जाण्याची गाडी आणि क्वार्टर्सबद्दल मोकळेपणी विचारावं. आणि कन्नड लिहायला-वाचायला पक्कं करून घ्या. आपल्या भागात पाळीवरची माणसं मराठी बोलतील, पण सरकारी कागद कन्नडमध्ये येतो.

गळीत सुरू झालं की ज्या कारखान्याला तुमचा ऊस जातो, तिथल्या शेतकी अधिकाऱ्यांना सांगून तिला एक दिवस डिस्टिलरी दाखवा. आजींनाही सोबत न्यायचं जमलं तर फार बरं.