या शनिवारी गावी जाऊ नकोस

प्रश्न : मी औसा तालुक्यातली. बी.ए. मराठी माध्यमातून केलं. आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्राला प्रवेश मिळाला आहे. चार दिवस झाले. सर इंग्रजीत शिकवतात, मुलं इंग्रजीत प्रश्न विचारतात, मी मागच्या बाकावर गप्प बसते. हॉस्टेलची यादी लागायची आहे, तोवर खडकीत कॉट बेसिसवर राहते. रात्री रडू येतं. शनिवारी गावी जावं आणि परत येऊच नये, लातूरलाच एम.ए. करावं असं वाटतं. मॅडम, चुकतंय का माझं?

उत्तर : चुकत काहीच नाही गं. पण या शनिवारी जाऊ नकोस. रात्रभर एसटीत बसून घरी पोचलीस, आईच्या हातचं जेवलीस, की रविवारी संध्याकाळी पिशवी भरायला हात उचलत नाही. पहिल्याच शनिवारी गेलेली मुलं पुन्हा पुन्हा जात राहतात, हे मी बरीच वर्षं पाहते आहे.

आधी इंग्रजीचं बोलू, कारण खरी भीती तिथे आहे. वर्गात ‘इंडिफरन्स कर्व्ह’ ऐकून तू दचकली असशील. तो तू बी.ए.ला काढलेला समवृत्ती वक्र. त्याला स्पर्श करणारी किंमत रेषा तू पट्टीनं आखली होतीस, तीच इथली ‘बजेट लाइन’. मार्जिनल युटिलिटी म्हणजे सीमान्त उपयोगिता, इलॅस्टिसिटी म्हणजे लवचिकता, फिस्कल डेफिसिट म्हणजे राजकोषीय तूट. विषय तुला येतो, फक्त त्याची नावं बदलली आहेत. दोनशे पानी वही घे आणि पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे सरांच्या तोंडून आलेला शब्द, जसा ऐकू आला तसा, देवनागरीत लिहिलास तरी चालेल. स्पेलिंग संध्याकाळी बघ. उजवीकडे तुझा बी.ए.चा शब्द. बी.ए.ची पुस्तकं गावी राहिली असतील तर मागवून घे, ती आता जास्त लागतील. जयकर ग्रंथालयाचं कार्ड याच आठवड्यात काढ आणि रोज एकाच ठिकाणी बस. एवढ्या मोठ्या आवारात एक खुर्ची ओळखीची झाली की बराच फरक पडतो.

तास संपला की सरांना गाठ आणि मराठीत विचार. परीक्षेत मराठीतून उत्तरं लिहिता येतात का, हेही विभागाच्या कार्यालयात स्पष्ट विचारून घे. आणि मागच्या बाकावर तू एकटी नाहीस. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेली मुलं तुझ्या वर्गात असणारच. तीही गप्प आहेत, म्हणून तुला दिसत नाहीत. शेजारणीला एवढंच विचार, ‘तू मेस कुठे लावलीस?’

आता कागदपत्रं. तुझी पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची असणार. म्हणजे इथे पात्रता अर्ज भरावा लागेल आणि तिकडचं मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलल्याचं प्रमाणपत्र, लागेल. त्यासाठी तू रजा काढू नकोस, अर्ज कसा करायचा ते तुझ्या कॉलेजात विचारायला घरच्यांना आजच सांग. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार असशील तर बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही पाहा. पैसे त्याच खात्यात येतात. खर्चाची ओढाताण असेल तर विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी कर. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रडू येणं स्वाभाविक आहे. पण झोप उडाली, जेवण जाईना, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. खोलीवर किंवा विभागात कोणी त्रास देत असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. तू तसं लिहिलेलं नाहीस, तरी नंबर जवळ असू दे.

राहिला लातूरचा प्रश्न. लातूरला एम.ए. करण्यात कमीपणा अजिबात नाही, तिथून शिकून सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली मुलं मला माहीत आहेत. पण चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे साठ तास. त्यातले तुझे तीन-चार झाले असतील. तेवढ्यावरून आपलं जमणार नाही असं ठरवणं तुझ्यावरच अन्याय आहे. तिथले प्रवेश किती तारखेपर्यंत चालू आहेत ते मैत्रिणीला विचार. इथला प्रवेश रद्द केला तर फी किती परत मिळते, तेही तारखेवर ठरतं, म्हणून कार्यालयात ती तारीख विचारून ठेव. दोन्ही तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिही. त्यांतली जी आधीची असेल, तिच्या दोन दिवस आधी वही पुढ्यात घेऊन बस आणि मग ठरव. तेव्हा काय ठरलं, ते मला कळव.