मी तिला विश्वासच शिकवत होते, मग ती माझे फोन का टाळते?

मैत्रीण संकटात आहे, तिने प्रभूवर भार टाकावा असं मनापासून वाटतं. पण चार शब्द सांगायला गेलं की ती आणखीच मिटून घेते. ख्रिस्ती कुटुंबांतून ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. अशाच एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्यांच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला पक्षाघात झाला होता. घरातली कमाई बंद, मुलं अजून शिकणारी, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणं हिच्या एकटीवर. दोघी एकाच मंडळीतल्या, म्हणजे एकाच चर्चच्या, संडे स्कूलपासूनच्या. बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "बघा ना ताई, मी काही वाईट लिहिलंय का?"

रोज सकाळी एक वचन, सूर्योदयाच्या चित्रावर छापलेलं. 'देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी कल्याणकारक होतात', हे बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं वचन तर कितीदा तरी. मैत्रिणीकडून सुरुवातीला 'आमेन', मग नुसते जोडलेले हात, पुढे फक्त दोन निळ्या खुणा. मध्येच तिचा एक मेसेज होता: 'रात्र रात्र प्रार्थना करते, पण वर कुणी ऐकतंय असं वाटतच नाही.' त्याखाली बाईंचं उत्तर: 'असं बोलू नये. सैतान तुझा विश्वास डळमळीत करतोय.' जोडलेले हात सुरू झाले ते त्यानंतर.

(सूर्योदयाच्या चित्रांशी माझं वैर नाही. पण रात्रभर जागलेल्या बाईला सकाळ झाल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.)

"तिचा तो मेसेज वाचून तुम्हाला काय झालं?" मी विचारलं.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "धस्स झालं. वाटलं, ही देवालाच सोडते की काय."

म्हणजे ते उत्तर त्यांच्या स्वतःच्या धास्तीतून आलं होतं. मैत्रिणीने दुःख सांगितलं आणि तिच्या पदरात विश्वास कमी पडल्याचा ठपका पडला. अशा वेळी माणूस भांडत बसत नाही, बोलणंच बंद करतो.

बाईंना शास्त्र तोंडपाठ, म्हणून मी त्यांच्याच घरातलं उदाहरण काढलं. मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या बायबलमधल्या ईयोबाकडे त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, कुणी चकार शब्द काढला नाही. तिथवर सगळं ठीक होतं. चौथ्या अध्यायात त्यांतला अलीफज बोलू लागला, आणि मग तिघांनी मिळून ईयोबाच्या दुःखाची कारणं शोधायचा सपाटाच लावला. शेवटी, 42व्या अध्यायात, परमेश्वराचा राग पेटतो तो या मित्रांवर. जन्मदिवसाला शाप देणारा, देवाकडे जाब मागणारा ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, तुम्ही नाही, असं तो त्यांना सुनावतो. बाई म्हणाल्या, "आम्हाला ईयोबाचा धीर तेवढा शिकवला होता."

मग आम्ही बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 13वं स्तोत्र काढलं. सहाच ओव्या, पण पहिल्या दोनांतच चार वेळा 'कोठवर' येतं. तू मला कोठवर विसरणार, असं दावीद राजा देवाच्या तोंडावर विचारतो. भरवसा शेवटी येतो, तक्रार पुरती सांगून झाल्यावर. 88व्या स्तोत्रात तर तेवढाही दिलासा नाही, ते अंधारातच संपतं. तरी ती प्रार्थनाच आहे, कारण बोलणारा अजून देवाशीच बोलतोय. 'वर कुणी ऐकत नाही' असं म्हणत रात्र रात्र प्रार्थना करणाऱ्या मैत्रिणीचा विश्वास संपला होता, असं मला वाटत नाही.

हे पटलं, पण जमेना. सरावासाठी मी त्यांची मैत्रीण झाले आणि त्यांना नुसतं ऐकायला सांगितलं. माझं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "पण देव सामर्थ्य देतो गं!" दोघींना हसू आलं. पुढचे काही दिवस आम्ही एवढंच घोकलं: तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचं, 'पण'ने सुरुवात करायची नाही, आणि सुचलं नाही तर 'मला काय बोलावं कळत नाहीये' असं सरळ म्हणायचं.

शिवाय हाताला काम दिलं. बायबलमधला एलिया संदेष्टा थकून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला घालतो. याकोबाच्या पत्रात तर उपाशी-उघड्याला 'सुखाने जा, ऊब घ्या' एवढंच म्हणणाऱ्याची चांगलीच कानउघाडणी आहे. बाई आठवड्यातली एक दुपार मैत्रिणीच्या नवऱ्यापाशी बसू लागल्या, म्हणजे तेवढ्यात तिला झोप मिळावी. 'काही लागलं तर सांग' हे वाक्य मी बंद करायला लावलं. थकलेल्या माणसाला मागणंही जड जातं.

पहिल्या दुपारी मैत्रीण फारसं बोलली नाही, सरळ जाऊन झोपली. पुढे एकदा तिनेच विचारलं, "माझ्यासाठी प्रार्थना करशील?" बाईंनी तिचेच शब्द घेतले: प्रभू, ही रात्र रात्र जागते आहे, तू ऐकत नाहीस असं हिला वाटतं, कोठवर? मैत्रीण मोठ्याने रडली, आणि मग नवऱ्याच्या आजारानंतर पहिल्यांदाच तिने स्वतःहून स्तोत्रसंहिता मागून घेतली.

झोप उडाली होती, जेवण सुटलं होतं, म्हणून 'जगावंसं वाटतं का?' हेही तिला थेट विचारा, असं मी बाईंना सांगितलं होतं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. उलट सांगायला वाट मिळते. कधीकधी नको वाटतं, असं ती म्हणाली. बाई तिला एकटीला न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या, तशी मंडळीत कुजबुज झाली: प्रार्थना असताना गोळ्या कशाला? बाईंनी हे मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि प्रेषित पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या दुखण्यावरही तो थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, नुसती प्रार्थना कर म्हणत नाही. हे त्यांनी पाळकांच्या कानावर घातलं.

मैत्रीण रविवारच्या उपासनेला अजून येत नाही. "आता आग्रह करू का?" बाईंनी परवा विचारलं. मी म्हटलं, नको. दुपारची पाळी मात्र चुकवू नका.