वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचं गाणं

प्रश्न : सुरुवातीच्या बोलपटांत गाणं लागलं की नट खिळल्यासारखे उभे का राहतात? (एक वाचक, सांगली)

गाणं आणि चित्र तेव्हा एकाच वेळी मुद्रित होई. साजिंदे चौकटीबाहेर, पण माइकच्या टप्प्यात बसवावे लागत. नटाने मान वळवली की आवाज बारीक व्हायचा, कॅमेऱ्याची घरघर ध्वनिपट्टीवर यायची. अंतऱ्यात एक सूर हुकला तरी सगळं पहिल्यापासून. म्हणून गाता गळा असलेलेच नट हवे असत. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे संगीतकारही होते, आणि तारामती झालेल्या दुर्गा खोटे स्वतः गायल्या. हे निभावलं ते संगीत रंगभूमीच्या तालमीमुळे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

हॉलिवूडने १९२९ मध्येच गाणं आधी मुद्रित करून चित्रणावेळी वाजवायला सुरुवात केली. आपल्याकडे कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये ‘धूप छाँव’साठी तेच केलं. मग कॅमेरा फिरू लागला, नाच मोकळा झाला.

प्रश्न : संथ गतीने (स्लो मोशनमध्ये) दाखवलेल्या गाण्यात ओठ कसे जुळतात? आमच्या लघुपटात ते मागे पडतात. (एक वाचक, नाशिक)

कॅमेरा सेकंदाला ४८ चौकटी टिपत असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवा आणि नटाला त्याच लयीत ओठ हलवायला लावा. २४ चौकटींनी दाखवल्यावर ओठ मूळ लयीत येतात, पदर आणि केस मात्र संथ. तालीम भरपूर हवी. त्या वेगात शब्द गिळले जातात.

ओठ मागे पडण्याचं कारण बहुधा स्पीकरचं अंतर. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे २४च्या वेगात एका चौकटीमागे साधारण १४ मीटर. स्पीकर २८ मीटरवर असेल तर नट दोन चौकटी उशिरा गातो, ४८ला चार. संकलनात चित्र सरकवून हे सुधारता येतं, पण नट स्पीकरकडे चालत येत असेल तर चूक बदलत जाते. स्पीकर जवळ घ्या.

प्रश्न : तबकडीवरचं गाणं जुन्या टीव्ही-प्रतीत चढं का लागतं? (एक वाचक, पणजी)

दोन्हींसाठी मुद्रण वेगळं नसेल, तर २४ चौकटींचा चित्रपट टीव्हीसाठी २५ने चालवल्यामुळे. तीन मिनिटांचं गाणं सात सेकंद आधी संपतं आणि पांढरी एकचं गाणं काळी एकच्या जवळ जातं, पण तिथे पोचत नाही. त्यामुळे पेटीवर कुठलीच पट्टी जुळत नाही.