त्याच्यात असं काय आहे?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र सावकाश वाचलं. नातं तुटल्याबद्दल त्यात फार थोडं आहे. बाकी सगळं, ती तुला सोडून ज्याच्याकडे गेली त्या दुसऱ्या मुलाबद्दल. तो काय करतो, कसा दिसतो, तिच्या कोणत्या फोटोत पहिल्यांदा दिसला. आणि शेवटी प्रश्न : ‘त्याच्यात असं काय आहे, जे माझ्यात नव्हतं?’

याचं उत्तर शोधत बसू नकोस. त्याच्याबद्दल तुला माहीत काय आहे? थोडे हसरे फोटो. स्वतःबद्दल मात्र सगळं माहीत आहे : चिडणं, आळस, तिला दिलेले आणि न पाळलेले शब्द. अशा तुलनेत तू दर वेळी कमीच पडणार. नवा माणूस येण्याआधीच कधी नात्यातलं बरंच काही विरून गेलेलं असतं. कधी काहीच विरलेलं नसतं, समोरच्याला नुसती नव्याची ओढ लागते. तुमच्या बाबतीत काय झालं ते कदाचित तिलाही नीट सांगता येणार नाही. पण त्या मुलाचा पगार आणि उंची मोजून ते तुला नक्कीच कळणार नाही.

‘एवढं काय त्यात, विसरून जा’ असं मित्र म्हणतात, हे वाचून मला वाईट वाटलं. २०११ साली मानसशास्त्रज्ञ एथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी, नको असताना नातं तुटलेल्या ४० जणांना त्यांच्या जुन्या जोडीदाराचा फोटो दाखवून मेंदूची छायाचित्रं घेतली. हाताला उष्णतेची वेदना दिल्यावर मेंदूतले जे भाग सक्रिय होतात, त्यांतले काही फोटो पाहतानाही सक्रिय झाले. तेव्हा छातीत खरंच दुखतं असं तू लिहितोस, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आता तिचं प्रोफाइल पाहण्याविषयी. मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर यांच्या गटाने २०१० साली प्रेमात नाकारल्या गेलेल्या १५ जणांचा असाच अभ्यास केला, तेव्हा कोकेनच्या तलफेशी जोडलेले भाग जागे झालेले दिसले. रात्री दोन वाजता तुझा हात फोनकडे जातो ती तलफच आहे, आणि प्रत्येक नवा फोटो त्या तलफेला खायला घालतो. २०१२ साली मानसशास्त्रज्ञ टॅरा मार्शल यांनी ४६४ जणांची माहिती घेतली. जुन्या जोडीदाराचं फेसबुक जास्त पाहणाऱ्यांमध्ये दुःख आणि ओढ दोन्ही जास्त होती. पाहण्याने दुःख वाढतं की दुःखामुळे पाहणं, हे त्यातून ठरत नाही. तरीही मी सांगेन, आजच अनफॉलो कर, दोघांनाही. आणि सामाईक मित्रांना स्पष्ट सांग की त्यांच्या बातम्या माझ्यापर्यंत आणू नका.

‘हे कधीपासून चालू होतं’ म्हणून तू जुने मेसेज तारखेवार लावतो आहेस. तिने खोटं बोलून दोन्हीकडे पाय ठेवला असेल, तर तुझा राग रास्त आहे. तो गिळू नकोस. पण त्यापायी मागची सगळी वर्षं खोटी ठरवू नकोस. तुझ्या आजारपणात ती जागली, ते जागणं त्या दिवशी खरंच होतं.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगते. तिच्या घराखाली जाऊन उभं राहायचं नाही. त्या मुलाला मेसेज करायचा नाही. तिच्या मैत्रिणीकडून निरोप पाठवायचा नाही. तिने ‘नाही’ म्हटलं आहे, आणि त्याची कारणं तुला पटोत न पटोत, ते ‘नाही’च आहे. तुझं प्रेम कितीही खरं असलं तरी तिला भीती वाटेल असं काही तुझ्या हातून होता कामा नये.

झोप आणि जेवण सांभाळ. रविवार रिकामे वाटतात म्हणतोस; काही दिवस ते वाटणारच, कारण ते दोघांचे होते. कुणातरी सोबत घालव, लगेच दुसरं नातं मात्र शोधू नकोस. आणि जगणंच नको असा विचार मनात आला, तर सकाळ व्हायची वाट पाहू नकोस. मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. मी उचलला नाही तर घरच्यांना उठव आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा.

तिला लिहून ठेवलेलं ते लांबलचक पत्र पाठवू का, असं विचारलं होतंस. पाठवू नकोस. कुणीतरी वाचावं असं वाटत असेल तर मला दे, मी शेवटपर्यंत वाचीन.

तुझी,
ताई