आमवात असताना सकाळचे डबे आणि घरचा स्वयंपाक कसा सांभाळायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की सकाळी बोटं वळत नाहीत, साडेआठच्या आत तीन डबे आणि सासूबाईंची भाकरी व्हायला लागते, आणि घरच्यांना वाटतं तुम्ही कंटाळा करताय. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. आमवात जुना आहे, त्यामुळे अनुभवाचंच सांगते.

सकाळी स्वयंपाक करूच नका. आमवातात उठल्यावर सांधे आखडतात ते तासभर, कधी त्याहून जास्त वेळ मोकळे होत नाहीत, आणि नेमक्या त्याच वेळेत आपण सगळ्यात जड कामं काढतो. माझे हात दुपारी चारनंतर बरे चालतात. उद्याची भाजी तेव्हाच चिरायची, कांदा-खोबऱ्याचं वाटण मिक्सरला लावायचं, कडधान्य उकडून फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी उरते ती फोडणी. आपल्याकडे वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावरून कुटून आणलेली असते, त्यामुळे दहा डबे उघडत बसावं लागत नाही, हे एक बरं आहे.

भाकरी मात्र पहिली सोडा. पीठ तळहाताच्या बुडानं रगडायचं, सगळा जोर मनगटावर. मग बोटं ताठ ठेवून थापायची आणि हात उताणा करून तव्यावर टाकायची. आमवात बसतो तो मनगटात आणि बोटांच्या मुळाशीच! मी गल्लीतल्या एका काकूंकडून भाकऱ्या घेते. सासूबाईंनी आठवडाभर तोंड वाकडं केलं, मग त्याच काकूंच्या भाकरीला चव आहे म्हणायला लागल्या. (माझ्या भाकरीला असं कधी म्हणाल्या नव्हत्या, ते असू दे.)

बाकी चिमटीत धरायचं जेवढं टाळता येईल तेवढं टाळा. कुकर दोन कानांचा घ्या. पातेलं उचलायचं नाही, ओट्यावरून सरकवायचं, पाणी तांब्यानं भरायचं. कपिलतीर्थ मार्केटातून भाजी आणताना पिशवी बोटांत न धरता कोपरात अडकवा. लसूण सोलायचं काम टीव्ही बघणाऱ्याचं.

ज्या दिवशी दुखत नाही, त्या दिवशी खरं सांभाळायचं. हात हलके वाटले की आपण माळा काढतो, गोधड्या धुतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. बऱ्या दिवशीही रोजच्याइतकंच काम करा, मध्ये बसा.

तुम्हाला आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी चालू असेल, तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकूनही रोज नाही. मला दुसऱ्या दिवशी मळमळतं. आधी गोळी शनिवारी रात्री होती आणि रविवारी घरात मटण! पांढऱ्या रश्शाच्या वासानंच नको व्हायचं. डॉक्टरांना विचारून वार बदलून घेतला, आता बुधवारी रात्री घेते. गुरुवारी तसंही आमच्याकडे आमटी-भातावर भागतं. आणि रविवारचं मटण मालक करतात. शेतावर पार्टी असली की पन्नास माणसांचा तांबडा रस्सा ढवळणाऱ्या कोल्हापूरच्या गड्याला घरात चार जणांचा जमत नाही, हे मी तरी ऐकून घेत नाही.

आखडणं अर्ध्या तासाच्या आत जात असेल, तर ती सांध्यांची झीजही असू शकते, तिचे उपचार वेगळे. सांधेतज्ज्ञांना एकदा दाखवा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाऊ नका, पोट आणि किडनी दोन्हीला त्रास होतो.

घरच्यांना दुखणं समजावून सांगत बसू नका, मी ते सोडलं. "जरा मदत करा" म्हटलं की कुणी उठत नाही. "रात्रीचा कुकर तुझा, डबे भरायचे तुम्ही" असं नाव घेऊन वाटून द्या. आणि मुलानं भात गिचका केला तरी तोच वाढा, पुन्हा लावायला उठू नका.